कंपासपेटीतली चिठ्ठी

॥ श्री ॥
बोईसर, दि. ८ एप्रिल १९९६

ती. महादूदादास पुष्पलताचा सा. न. वि. वि.

आम्ही इथे सुखरूप आहोत असं लिहायची रीत आहे, पण आज ते लिहवत नाही. काल सुलूच्या कंपासपेटीत तळाच्या कागदाखाली बोटभर चिठ्ठी सापडली. डावीकडे, वर, खाली असे बाण आणि पुढे बी. सातवीची वार्षिक परीक्षा येत्या सोमवारी. योग्य पर्यायांची उत्तरंच ती, कॉपीची. तूच दिवाळीत दिलेला टीव्ही गेमसुद्धा मी परीक्षेपायी कपाटात कोंडलाय, आणि पोरगी हे शिकली.

विचारलं, रागावले, शेवटी एक लगावली. एकच म्हणते, सांगायचं नाय. मग मी स्वतःच चिठ्ठी शाळेत नेऊन तिच्या वर्गबाईंना दिली. आबांनी आपल्याला चोरी झाकायला शिकवलं नाही. पण बाई म्हणाल्या, खुलासा झाला नाही तर परीक्षेला बसवता येणार नाही, शनिवारी ठरवू. तिचं वर्ष गेलं तर ते मी घालवलं.

होळीला तुमच्याकडे राहून आल्यापासून ती कंपासला कुणाला हात लावू देत नाही. तिथे कुणाच्या संगतीत होती? ठाऊक असेल तर ताबडतोब कळव. वहिनीस नमस्कार, आणि बहिणीच्या काळजीत थोडा वाटा घे.

तुझी,
पुष्पलता

सातपाटी, दि. ११ एप्रिल १९९६

चि. सौ. पुष्पलतास महादूदादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र आज मिळालं. टपालावर भरवसा नको म्हणून हे जमनामावशीच्या हाती देतो. उद्या ती बोईसरला म्हावरं विकायला येते. कागदाला वास लागला तर नाक मुरडू नकोस, माहेरचाच आहे.

चिठ्ठी मी लिहिली. आमच्या पोराकडे, चंद्रकांताकडे, तोच गेम आहे. खेळ सुरू होण्याआधी रिमोटची बटणं त्या क्रमानं भराभर दाबली की तीनऐवजी वीस जीव मिळतात. ही युक्ती खेळ बनवणाऱ्यांनीच आत ठेवलेली असते, चोरीबिरी काही नाही. आईबापांनी एवढंच बघावं, की पोर तिथे किती वेळ बसते, आणि युक्तीनं जिंकल्यावर आपल्या हुशारीच्या गप्पा तर मारत नाही ना.

आता माझा गुन्हा. आबा मला मासळीची जागा दाखवायचे ते आठव. होडीतून देवळाचा कळस ताडाच्या रेषेत दिसला की जाळं टाक, आणि घरच्या बायकांनापण सांगू नको. मी मस्करीत सुलूला तशीच शपथ घातली, आईलाबी सांगायचं नाय. पोरीनं मार खाल्ला, शब्द मोडला नाही. तू आबांची लेक, हात उचलण्याआधी थांबायला हवं होतंस.

बाईंना घरी बोलाव आणि गेम लावून दाखव. सुलूला सांग, मामानं शपथ सोडवली. रागावलो असलो तरी माया आहे तेवढीच आहे.

तुझा,
महादूदादा

बोईसर, दि. १६ एप्रिल १९९६

ती. दादास सा. न. वि. वि.

जमनामावशी आली तेव्हा मी बोंबील साफ करत होते, तशाच हातांनी शाळेत धावले. बाई संध्याकाळी चिठ्ठी घेऊन घरी आल्या. सुलूनं तुझं अक्षर स्वतः वाचलं, मगच रिमोट उचलला. पहिल्यांदा जीव तीनच आले. दुसऱ्यांदाही तीनच. चिठ्ठीकडे बघायचं की बटणांकडे ते तिला सुचेना, आणि बाईंच्या कपाळावर आठी. शेवटी चिठ्ठी मी घेतली आणि मोठ्यानं वाचत गेले. डावं, डावं, वर, खाली, बी. वीस जीव आले. बाई हसल्या, सोमवारी वेळेवर ये म्हणाल्या.

दोन पेपर झाले, बरे गेलेत म्हणते. बोलते, जेवते. पण दादा, दोन्ही दिवस निघताना ती उंबऱ्यात थांबली. कंपासपेटी उघडली, तळाचा कागदही उचलला आणि माझ्यापुढे धरली. मला नाही बघायचं म्हटलं तरी हलेना. आज मी खोडरबर उगाच इकडचं तिकडे केलं आणि पेटी मिटली, तेव्हा गेली.

सुट्टी लागली की तिला सातपाटीला पाठवते. माझ्यावर लोभ असणारं एक माणूस या घरात कमी झालंय, तू तरी ठेव.

तुझी,
पुष्पलता