वळणावरचा बावटा

सोमवार, १८ ऑगस्ट
रो.ची गाडी आजही वळणावर थांबली. ड्रायव्हर नसलेली ती बुटकी गाडी वस्तीवरच्या दुधाच्या किटल्या घेऊन डेअरीकडे निघते, पाणंदीनं शहाण्यासारखी जाते, आणि आप्पांच्या उसाशी आली की उभी. शुक्रवारी कंपनीचे साहेब बंगळुरूहून येणार. त्यांच्यासमोर थांबली तर इनामगावचं काम बंद, आणि माझी लेक रोहिणी परत तिकडे. हे गेल्यापासून पहिल्यांदाच मी दोन ताटं वाढतेय. सवय लागली.

मंगळवार, १९
जेवताना समजावलं तिनं. गाडीच्या कॅमेऱ्याला दिसतं ते सगळं डेअरीवरच्या रिसीव्हरच्या डब्याकडे सारखं जात असतं. त्याला फार वरच्या फ्रीक्वेन्सीच्या लहरी लागतात. पुष्कळ नेतात, झटकन नेतात, पण नाजूक. ओल्या पानांपुढे हात टेकतात. चित्र तुटलं की गाडीनं थांबायचं, नियमच तसा.
"मग फेब्रुवारीत कशी धावली?"
"तेव्हा ऊस तुटला होता, मम्मी."
"उसाच्या गावची पोर तू."
"लॅपटॉपवर ऊस वाढत नाही ना."
हसलो दोघी. भाकरी मात्र तशीच राहिली तिची.

मंगळवार, संध्याकाळ
रो.नं वळणावर हवेत ड्रोन उभा करून पाहिला. त्यानं गाडीचं चित्र झेलून डेअरीकडे दिलं, गाडी सरळ गेली. पण बॅटरी किती पुरणार? उतरला, की गाडी उभी.
मला दौंड आठवलं. बाबा मालगाडीवर गार्ड. वळणावर लांबलचक गाडी असली की त्यांचा बावटा ड्रायव्हरला दिसायचा नाही. मग मधे एक माणूस उभा राहायचा, बाबांचा बघून आपला हलवायचा. शाळा सुटली की मी रेल्वे कॉलनीच्या कुंपणावरून बघत बसे. गणवेशाला गंज लागायचा, शाळेतल्या सिस्टर रागवायच्या.
रो. म्हणाली, "तसाच एक डबा मधे कायमचा हवाय. पण कुठं?"
वळणावर उंच एकच जागा. आप्पांच्या विहिरीवरची मोटारीची खोली.

बुधवार, २०
आप्पांकडे गेलो. ते आधीच तापलेले. कंपनीच्या कुणीतरी परस्पर वळणावरचा ऊस तोडायला सांगितलं होतं.
"दहा कांड्यांवर आलाय आन् तोडा म्हंत्यात. वहिनी, माझा ऊस त्येंच्या आड येतो, का त्येंची गाडी माझ्या उसाच्या?"
रो. म्हणाली, "पानाला हात लावणार नाही आप्पा. फक्त छप्पर द्या."
तंबाखू मळत बसले. मग, "गाडी तिथं थांबतीयाच की. आता कामाची थांबू द्या. माझ्या बी किटल्या घ्या."
येताना रो.नं माझा हात धरला. पाणंदीत चिखल होता म्हणून असेल.

गुरुवार, २१
ट्रंकेतून बाबांचे दोन्ही बावटे काढले. हिरवा विटलाय, लाल अजून झणझणीत. रो. म्हणते, बावटा दिसतो तिथून लहरही जाते, ढोबळमानानं. आप्पा खोलीवर, रो. डेअरीवर, मी आमच्या गच्चीवर, जिथून पाणंद सुरू होते. आप्पांनी हिरवा हलवला तो उसात मिसळून गेला. लाल काढला, दोघींनाही लख्ख दिसला. फोनवर आप्पा, "दिसलं का? का दिवसभर हितंच नाचू?"
दुपारी डबा बसला. संध्याकाळी गाडी एकदा गेली, एकदा थांबली. रो.ची बॅग पलंगाखाली आहे, काढलेली नाही. पाहिलं मी.

शुक्रवार, २२
साहेब आले. डेअरीवर आहेत, रो. त्यांच्याबरोबर. मी गच्चीवर. आप्पा हट्टानं खोलीवर चढलेत. गाडी वळणावर अडली तर लाल, पार झाली तर हिरवा, असं ठरलंय. रो. म्हणाली फोन आहे की. असू दे फोन.
गाडी उसात शिरली. पानं हलतायत, पण वाराही आहे.
आप्पांचा हात वर गेला. हातात काय ते कळत नाही, चष्म्यावर धूळ. पुसून बघते. लाल असता तर चष्म्याशिवायही दिसला असता.