तुमी जेवा की

प्रिय प्रेरणा,

त्या सकाळी मी हंड्याच्या तोंडाला बांधलेलं फडकं सोडून परसात झटकलं आणि तू मागून ओरडलीस, "अगं मावशी, डोळ्यांत गेलं की!" मग तू ओढणी नाकाला बांधलीस आणि दोरीवरचे कपडे काढून घरात आणलेस. मी पिठाच्या डब्याचं झाकण पुसलं, भांड्यांची फळी पुसली, देवाजवळची समई पुसली. तुझे काका ओट्यावर बसून खोकत होते. खोकून झालं की म्हणायचे, "आली बघ आपली सकाळची गाडी." तू हसलीस. मीही हसले. रोजचंच होतं ते. गव्हाच्या पिठावर तपकिरी भुसा बसायचा, तो वरच्यावर चमच्यानं काढून टाकायचा आणि मग कणीक मळायची. हे तुला मी शिकवलं आणि आमच्याकडं राहायला आलीस तेव्हा तू ते महिनाभर केलंस. म्हणून आधी तेच लिहिलं. तुला आठवतंय की नाही, हे मला माहीत नाही.

इकडचं सांगायचं तर गाय व्याली, कालवड झाली. कढीपत्त्याचं झाड मात्र गेलं. पानांवर भुसा साचून साचून शेवटी वाळलं. कुंपणापलीकडच्या कारखान्याचं यंत्र आता दोन्ही पाळ्या चालतं. उसाची चिपाडं, शेंगांची टरफलं आणायची, दळायची आणि दाबून कांड्या करायच्या. गाव त्याला पांढरा कोळसा म्हणतं. पांढरा कशावरून, ते गावालाही सांगता येत नाही. दगडी कोळशाऐवजी हा जाळला तर जगाचं भलं होतं, हे तूच मला समजावलं होतंस. मला ते पटलंही होतं. अजून पटतं. जगाचं भलं व्हायला माझी ना नाही. दळायच्या जागेला चारी बाजूंनी भिंत आणि वर धूळ ओढून घ्यायचं यंत्र लावा, एवढंच आमचं म्हणणं होतं.

तुझे काका जाऊन आता दुसरी दिवाळी होईल. डॉक्टरांनी फुप्फुसं म्हणून सांगितलं. भुशानंच गेले, असं मी म्हणत नाही. ते ठरवायला शिकलेली माणसं लागतात. सकाळी ओटा झाडताना मी अजून त्यांच्या बसायच्या जागेला वळसा घालून झाडते आणि मग ती जागा शेवटी झाडते. दुसरं काही नाही.

गेल्या महिन्यात ग्रामसभा झाली. कारखान्याला दुसरी शेड बांधायची आहे. त्यांचा एक साहेब आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात चकचकीत पुस्तिका. त्यानं वाचून दाखवलं, की परदेशातल्या मोठ्या नियतकालिकात आपल्या गावाचा अभ्यास छापून आलाय. शाश्वत ऊर्जेचा आदर्श नमुना म्हणून. आसपासच्या रहिवाशांची काही तक्रार नाही, कुंपणाला लागून घर असलेल्या शेतकऱ्यानंसुद्धा त्रास नसल्याचं सांगितलंय. नाव नव्हतं घेतलं. पण प्रेरणा, कुंपणाला लागून घर एकच आहे. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. जोतीरामभाऊजी, ज्यांचा नातू भुशापायी दर आठवड्याला दवाखान्यात असतो, ते सभेतच म्हणाले, "व्हय वैनी, तुमच्या मालकांनी सांगितलं व्हतं म्हणा की! काय घेतलं व्हतं कारखान्याकडनं? आमास्नी बी सांगा." माणसं हसली. ज्या माणसानं आयुष्यात कुणाचा चहा फुकट प्यायला नाही, त्याच्या माघारी हे. मी उठले आणि तशीच बाहेर पडले. घरी आले आणि आधी भांडी घासली. संतापले की मी भांडी घासते, हे तुझ्या आईला विचार.

तो अभ्यास तुझा, हे मला माहीत होतं. छापून आल्यावर तू पेढे पाठवले होतेस. तुझ्या काकांनी ते गावभर वाटले होते. "आमच्या प्रेरणानं गावाचं नाव इंग्रजीत नेलं," म्हणून. पण वाचला कुणी होता? मी ग्रंथालयात गेले. आमची ग्रंथपाल वर्षाराणी मला कादंबऱ्या देते तशीच हाही देईल, असं वाटलं. तिनं संगणकावर शोधला तर त्याला कुलूप. पैसे भरा, मग उघडतो. माझ्या घरात बसून, माझ्या चुलीवरची भाकरी खाऊन, माझ्या नवऱ्याला विचारून लिहिलेलं, आणि ते मला वाचायचं तर कुठल्या तरी परदेशी कंपनीला पैसे द्यायचे! वर्षाराणी म्हणाली, "मावशी, लेखिकेला मेल करून मागितला तर देतात." तिनं मागितला. तू त्याच दिवशी पाठवलास, वर 'तुमच्या अभ्यासाला शुभेच्छा' असंही लिहिलंस. तुला वाटलं असेल, कुणी विद्यार्थिनी आहे. वाचणारी मी होते.

माझी शाळा सातवीला सुटली. इंग्रजी मी शब्दकोश घेऊन शिकले, अडखळत वाचते. कितीतरी दुपारी मी आणि वर्षाराणी त्या कागदांवर बसलो. काही वाक्यं इतकी लांब, की शेवटाला येईपर्यंत कोण कुणाला काय म्हणालं तेच हरवायचं. मग तुझे काका सापडले. उत्तरदाता क्रमांक सतरा. पुरुष, अल्पभूधारक. आणि अवतरणचिन्हांत त्यांचं बोलणं: 'नाही सर, काहीही त्रास नाही.'

ते जेवण मला आठवतं. तुझे मार्गदर्शक सर कारखान्याच्या जीपमधून आले होते. मी शेंगांची पोळी केली होती, खर्डा, दही. सरांच्या मांडीशी ताट, ताटाशेजारी छापील प्रश्न. त्यांनी घास तोंडात असतानाच विचारलं, "कारखान्याचा काही त्रास?" आणि तुझे काका म्हणाले, "न्हाय ओ सर, कसला त्रास? काय बी न्हाय. तुमी जेवा की!" सरांनी कागदावर खूण केली. मग काका भिंतीकडं तोंड करून खोकले आणि तू उठून त्यांना पाण्याचा तांब्या दिलास.

तू दिलास, प्रेरणा. तू काही बाहेरची नव्हेस. आपल्याकडं पावण्याच्या ताटाशी गाऱ्हाणं सांगत नाहीत, हे तुला कुणी शिकवायला हवं होतं का? तुझ्या आजोबांना सर्प चावला होता, तरी दारातल्या पावण्याला ते "बरं हाय, या, जेवा" म्हणाले होते. ही गोष्ट तू लहानपणी माझ्या मांडीवर पुन्हा पुन्हा ऐकलीस. जेवण झाल्यावर, हात धुतल्यावर विचारायचं होतं. सरांना ठाऊक नव्हतं, सोडून दे. तुला ठाऊक होतं. आणि 'तुमी जेवा की' कुठं गेलं? ते का नाही छापलं? तेवढं छापलं असतं तरी आपल्याकडच्या वाचणाऱ्याला कळलं असतं, की हा माणूस कारखान्याबद्दल नाही, पावण्याबद्दल बोलतोय. तू त्यांचं अर्धं वाक्य घेतलंस. आणि शेवटी, बारीक अक्षरात, लेखकांचा कुठलाही हितसंबंध नाही, असंही छापलंय. ती जीप कुणाची होती मग?

मी तुला फोन केला तेव्हा तू आधी कालवडीचं विचारलंस. मग विषय निघाल्यावर तुझा आवाज बदलला. "मावशी, मी खोटं नाही लिहिलं. ते जे बोलले तेच लिहिलं." मग म्हणालीस, की एकदा छापलं की बदलता येत नाही. मग मी शुद्धिपत्राचं काढलं, कारण वर्षाराणीनं त्याच नियतकालिकाची तशी पानं मला दाखवली होती. तेव्हा तू हळू आवाजात म्हणालीस, "आत्ताच नको ना गं. माझं नोकरीत कायम होण्याचं चाललंय. थोडं थांब." मी विचारलं, किती? जनसुनावणी पुढच्या महिन्यात आहे, भिंत नसलेली शेड त्याच्या पुढच्या महिन्यात उभी राहील. तू म्हणालीस, "काका असते तर त्यांनी मला असं अडचणीत आणलं नसतं." खरं आहे. नसतंच आणलं. तुलाही म्हणाले असते, काय बी न्हाय, तू जेव. त्याच स्वभावाचा तर सगळ्यांनी फायदा घेतला. मी तशी नाही.

तुझं नुकसान व्हावं, असं माझ्या मनात नाही. तुला मी माझ्या हातानं न्हाऊ घातलंय. पण जोतीरामभाऊजींचा नातू अजून खोकतोय, आणि गाव समजतंय की त्याच्या खोकल्यावर तुझ्या काकांची सही आहे. जिवंत असते तर ग्रामसभेच्या दुसऱ्या दिवशी चौकात उभं राहून, तुझं नाव न घेता, त्यांनी आपलं बोलणं पुरं केलं असतं. ते आता माझ्याकडं आलंय. हे पत्र तुला विचारायला लिहिलेलं नाही. ही गोष्ट तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, माझ्याकडूनच कळावी, म्हणून लिहिलं. आपला फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी हंड्यावरचं फडकं झटकलं, भांड्यांची फळी पुसली, ओटा झाडला आणि वर्षाराणीकडं गेले. तुझ्या काकांचं पूर्ण वाक्य, ताट आणि जीप यांच्यासकट, तिच्याकडून इंग्रजीत करून घेतलं, खाली माझं नाव घातलं आणि त्या नियतकालिकाच्या संपादकांना पाठवून दिलं.

तुझीच,
अक्कामावशी