शहराची ओढ

४ जून
ऑफिसात नवं काम. लोकांचे मोबाइल कुठून कुठे जातात ते पाहून कोणत्या शहराची ओढ किती, हे मोजायचं. साहेबांनी मलाच दिलं. साहजिक आहे.
बायको तिची बदली झाल्यावर लेकीला घेऊन गेली ते डोंगराकडचं गाव आपल्याच शहराच्या प्रभावाखाली येतं. म्हणजे दोघी परत येणार, हे आता शास्त्रानेच ठरलं. घाई करायचं कारण नाही. फोन केला नाही.

९ जून, रात्री
बायकोचा फोन. म्हणाली, तूच ये की रविवारी. मी समजावलं की मोठं शहर लहानाला ओढतं, उलटं नसतं. ती ‘बरं’ म्हणाली. पटलेलं दिसतंय.
भात करपला. उद्यापासून स्वयंपाकाकडे लक्ष द्यायचं.

१६ जून
नकाशात सुट्टीच्या दिवशी इथली माणसं त्या गावाकडे जाताना दिसतात. किरकोळ गडबड म्हणून तो भाग काढून टाकला. शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी म्हणते, मग त्या गावाचीही ओढ धरायला नको का? अनुभव कमी. शिकेल.

२१ जून
लेक पोहण्याच्या स्पर्धेसाठी पुढच्या शनिवारी इथे येतेय. शास्त्र खरं ठरायला लागलं. रजा टाकली. नवी उशी आणली. रात्रीची राहीलच.

२८ जून
तलावावर वेळेत पोहोचलो. टोप्या घातल्यावर सगळ्या पोरी सारख्याच दिसतात. ओरडून ओरडून घसा बसला. नंतर लेक ओली वेणी पिळत आली आणि शांतपणे म्हणाली, “बाबा, तू दुसऱ्याच मुलीसाठी ओरडत होतास.”
तिचा तिसरा नंबर आला होता.
राहा म्हटलं. म्हणाली, “आज नको. बस थांबलीये. मला घरी जायचंय.”
घर इथे आहे. दमल्यामुळे चुकून बोलली असेल.

२९ जून
उशी कपाटात टाकली. घरी, असंच म्हणाली ती.

१ जुलै
बायकोला फोन केला. म्हटलं, रविवारी मी येतो. ती म्हणाली, ये.
लगेच बसस्टँड गाठला. खिडकीवरचा माणूस म्हणाला, रविवारची गाडी फुल्ल आहे, हल्ली सगळे तिकडेच जातात. म्हटलं, उभ्याने चालेल.
उभ्यानेही जागा नाही म्हणाला.