लगबगची कॅसेट

१२ मार्च, सकाळी

प्रिय भाचीबाई,

तुझं पत्र सोमवारी मिळालं, आज शुक्रवार. उशिराला कामाचं कारण देणार नाही. आईला झोप लागते का आता? तिला म्हणावं, निदान दोन घास वेळेवर खा. माझं ठीक चाललंय. शाळेच्या ग्रंथालयात नवी कपाटं आलीत, पुस्तकं उचलून उचलून पाठ धरलीये.

रविवारी बाबांच्या आठवणीसाठी सगळे जमतील तेव्हा त्यांचं ड्रम वाजवणं ऐकवायचंय, म्हणून तू आमच्या बँडची कॅसेट मागितलीस. पत्राबरोबर पाठवतेय. पण लावण्याआधी हे शेवटपर्यंत वाच.

आम्ही तिघं होतो. मी गायचे आणि गिटार वाजवायचे, चष्म्याच्या दुकानात काम करणारा मित्र बेस गिटारवर, आणि ड्रमवर तुझा बाबा. सराव लाँड्रीच्या माळ्यावर. खालून इस्त्रीची वाफ यायची आणि गिटारच्या तारा उतरायच्या. बाबाला आम्ही 'लगबग' म्हणायचो. गाणं सुरू झालं की हा पुढे पळणार, आम्ही मागून धापा टाकत.

"अरे, कुत्रं लागलंय का मागे?" बेसवाला ओरडायचा.

"तुम्हीच पेंगताय, मी काय करू?"

कॉलेजच्या हॉलमध्ये पोरं खुर्च्यांवर उभी राहायची, ती त्या पळण्यामुळे. मला ते कळत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. कळत होतं.

एकाही कॅसेट कंपनीने आम्हाला घेतलं नव्हतं. त्यांना पाठवायला आम्ही चार गाणी रेकॉर्ड केली. बाकीचे दोघं गेल्यावर रेकॉर्डिंगवाला मला म्हणाला, "ताई, गाणी झकास आहेत. पण तुमचा ड्रमर प्रत्येक गाण्यात बस पकडायला निघालाय. उद्या मी स्वतः वाजवून देतो. कुणाला पत्ता लागणार नाही."

मी बावीस वर्षांची होते, हे कारण नव्हे. मी हो म्हणाले. कुणालाही न विचारता. त्याने टेपवरचं बाबाचं वाजवणं पुसून त्याच जागी स्वतःचं भरलं.

कॅसेटवर बाबाचा एकही ठोका नाही, बाळा.

तयार झाल्यावर आम्ही माळ्यावर ऐकली. बेसवाला खूश. बाबा मान खाली घालून चारही गाणी ऐकत राहिला. मग म्हणाला, "छान झालीये गं." स्वतःचे हात कुणाला ओळखू येत नाहीत? पण त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुढे त्यानेच कॉलेजच्या फाटकाशी उभं राहून पन्नास कॅसेटी विकल्या.

इतकंच असतं तर कदाचित हे पत्र चार दिवस अडलं नसतं. त्यानंतर तो कॅसेटसारखं वाजवू लागला. दुपारभर एकटा बसून त्या माणसाचा ठोका घोटायचा. कार्यक्रमात तो एकदाही पुढे पळाला नाही. पोरं खुर्च्यांवरून उतरली. कंपनीचं उत्तर आलं, 'वादन नीटनेटकं आहे.' बास, एवढंच. वर्षभरात तो रंगाच्या दुकानात लागला, आणि ड्रम कुणाला देऊन टाकले तेही आम्हाला कळलं नाही. त्यानंतर तुझ्या बारशाला, वाढदिवसांना मी येत राहिले. आम्ही सगळ्यावर बोललो, फक्त त्यावर नाही.

तू लिहिलंस, शेवटच्या आठवड्यात बाबा म्हणाले, "कॅसेट मावशीकडे आहे, तिच्याकडून घे." त्याला सगळं माहीत होतं. तुला सांगता आलं असतं. पण त्याने ते सांगायचं काम माझ्यासाठी ठेवलं. त्यात माफी होती की शिक्षा, हे मी सोमवारपासून शोधतेय. दोन्ही उत्तरं मला सोयीची वाटतात, म्हणून दोन्हींवर माझा विश्वास नाही.

रविवारी मी येईन. कॅसेट लावायची की नाही, तू ठरव. लावलीस तर ती संपल्यावर मी उभी राहून सगळ्यांसमोर सांगेन की हा तो नव्हे. नाही लावलीस तरी सांगेन. तो कसा वाजवायचा, हे ऐकवायला आता माझ्याकडे काही नाही. ते मीच पुसलंय.

अजून तरी तुझी,
मावशी