आरशासारखे सिलिंडर

४ फेब्रुवारी १९६२
बंगळूरला मल्लेश्वरमच्या भर बाजारात गाडीने पुन्हा निळा धूर सोडला. मागचा सायकलवाला खोकत उतरला, कानडीत बरंच काही बोलला. "सरी, सरी" म्हणून सटकलो.
पिस्टनच्या रिंगा नव्या. सिलिंडर मी स्वतः पंधरा रविवार घासून आरशासारखे केलेले. तरी इंजिन तेल पितंच आहे. रिंगा विकणारा चोर, दुसरं काय!
पुण्याहून बाबांचं पत्र. २५ ला येताहेत. "गाडी चालते, की उघडीच आहे?" लहानपणी मी आईचं शिलाई मशीन उघडलं ते दोन दिवाळ्या तसंच पडलं होतं. विसरतील तर ते बाबा कसले.
२५ ला स्टेशनवरून गाडीतूनच आणणार. बिनधुराची.

६ फेब्रु.
सौ. म्हणते, कोपऱ्यावरच्या व्यंकोबाअण्णांना दाखवा. म्हातारा मिस्त्री. घराणं म्हणे शहाजीराजांबरोबर इकडे आलेलं. मराठी अर्धी कानडी, मोजमाप अंगठ्याने. मी विमानांच्या कारखान्यात बेअरिंग तपासतो, केसाहून बारीक फरक पकडतो. आणि ह्याला दाखवू?

११ फेब्रु.
जाड तेल घातलं. धूरही जाड झाला.

१३ फेब्रु.
इंजिनचं हेड उघडून बसलो होतो. सौ.ने अण्णांना परस्पर चहाला बोलावलं. म्हाताऱ्याने सिलिंडरमध्ये बोट फिरवलं.
"अय्यो साहेब, तोंड बघायला केलं का हे? रिंगा कशाला धरून बसतील? स्वल्प ओरखडं पायजेत की."
ओरखडे! आमच्या खात्यात ओरखडा दिसला की माल भंगारात. सौ. हसली. मूर्खांचा बाजार.

१९ फेब्रु.
कँटीनमध्ये सिलिंडर खात्यातल्या एकाला सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाला, "मुद्दाम तिरके ओरखडे काढतो आम्ही. त्यावर रिंगा झिजून बसतात. गुळगुळीत ठेवलं तर तेल वर चढणारच." आमच्या शेजारच्याच शेडमध्ये! पाच वर्षांत कधी विचारलं नाही. आम्ही बेअरिंगवाले त्यांना खिजगणतीत धरत नाही.
सिलिंडरला बेअरिंग समजून घासत बसलो. गाढव.

२२ फेब्रु.
अण्णांकडे गेलो, घरी घेऊन आलो. "आधी सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. सिलिंडरमध्ये खरखरीत कागद तिरका फिरवला, धुऊन पुसून काढलं. पंधरा रविवार अर्ध्या तासात गेले. फार जिवावर आलं.
"जोडून झालं की चढावर जोरात चालवा. नंदीच्या डोंगरावर जाऊन या. रिंगा बसेपर्यंत धूर येणारच, भ्यायचं नाही."

२४ फेब्रु.
परत नव्या रिंगा घालून इंजिन जोडलं. धूर आहे तेवढाच.
सौ.: "उद्या टॅक्सी करा. गाडी दोन दिवसांनी दाखवा बाबांना."
पटलं होतं.

२५ फेब्रु., सकाळी
टॅक्सी केली नाही. स्टेशनबाहेर बाबा धुराकडे बघत उभे राहिले.
"कुणी बिघडवली?"
"मी."
जन्मात पहिल्यांदा त्यांना हे उत्तर दिलं. घरी येईपर्यंत आरसा, ओरखडे, अण्णांनी सांगितलेला नंदीचा चढ, सगळं सांगून टाकलं. चहा झाल्यावर बाबांनी टोपी चढवली.
"नंदी किती लांब?"
पुढच्या सीटवर जाऊन बसलेत. हॉर्न वाजवताहेत. सौ.ने तेलाचे दोन डबे मागे ठेवलेत. निघतो.