फिट टू पेज

१७ नोव्हेंबर २०२४

वाळवी! सासूबाईंच्या कटिंगच्या लाकडी पेटीत वाळवी.

चाळीस वर्षांचे खाकी कागद. देवळालीतल्या निम्म्या बायकांची ब्लाउजं त्यात आहेत. प्रत्येक कागदावर बाईचं नाव, आकडा एकही नाही. माप सासूबाईंच्या हातात होतं आणि तो उजवा हात श्रावणात लकव्याने गेला. तेव्हापासून मी कापते, तेच कागद कापडावर ठेवून. माझ्या मनाने मुंढ्याचा गोल काढायला गेले की बाहीची पिशवी होते. कागद गेले तर सासूबाईंचं, म्हणजे रतनबाईंचं दुकानही गेलं.

मी म्हटलं, आत्या, सगळ्यांचं पीडीएफ करून ठेवते, वाळवीचा बाप आला तरी खाणार नाही. सासूबाई वाकड्या तोंडाने हसल्या. "कर बाई. तुला त्यातलं कळतंय."

२१ नोव्हेंबर

राहुरीला ओंकारदादांच्या झेरॉक्सवर दोन दिवस गेले. त्यांच्या मोठ्या मशीनवर स्कॅन, मग कडा कापायच्या, मग प्रिंट देऊन पीडीएफ. पण प्रिंटरच्या ड्रायव्हरची खिडकी उघडली की शंभर प्रश्न! डीपीआय तीनशे की सहाशे? काळं-पांढरं की ग्रे? पेन्सिलीची फिकट रेघ ग्रेमध्येच नीट येते, हे ठरवण्यात अर्धा तास घालवला. कागद ए-थ्री. खाली ‘फिट टू पेज’वर आधीच टिक होती. पान कसं छान भरत होतं! राहू दिली.

दोनशे बारा फाइली. मूळ स्कॅन जागा खातात म्हणून पुसून टाकले. आज मी शहाणी.

२२ नोव्हेंबर

वाळवी लागलेले मूळ कागद बंबात घातले. पाणी मस्त तापलं. सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

छाती आवळते, बाही लोंबते!

बायडाबाईंच्या मुलीच्या, सुरेखाच्या शालूचं ब्लाउज. पुढच्या गुरुवारी लग्न आहे. फाइलीचं प्रिंट काढून कापलं, शिवलं, आज तिला घालून बघितलं – हुक लागेना. शिवणीत दुमडलेली माया सोडली तरी पुरेना. कापड शालूचंच, तेवढंच. दुसरं कुठून आणू? सुरेखा नुसती आरशात बघत राहिली.

२७ नोव्हेंबर

ओंकारदादांनी प्रिंटवर टेप ठेवली. "वहिनी, मापाचं काम असलं की हंड्रेड परसेंट ठेवायचं. फिट केलं की मशीन पान भरायला बघतं. तुमचं एकबी पान खऱ्या मापाचं न्हाई."

मोठे भाग आखडलेत, लहान फुगलेत. कुठला किती, ते कळायला मूळ कागद पाहिजे. मूळ कागद! त्या पाण्याने मी अंघोळ केली.

डीपीआयवर अर्धा तास आणि त्या टिकवर एक सेकंदही नाही. मीच आगाऊ. कुणी सांगितलं होतं?

२८ नोव्हेंबर

घास गिळवत नाही. एका बाईचा सगळा जन्म मी जाळला, आणि तिला ठाऊकही नाही.

३० नोव्हेंबर

सासूबाईंना सांगायचं ठरवलं. चहा घेऊन गेले. त्या डाव्या हाताने कात्री धरून वर्तमानपत्र कापायला बघत होत्या. वेडंवाकडं कापलं जात होतं. चहा ठेवून परत आले.

१ डिसेंबर

बायडाबाई आल्या. ब्लाउज ओट्यावर आपटलं. "हे शिवणं हाय व्हय? पोरीचं लगीन हाय!" सगळी गल्ली ऐकत होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई भिंत धरून उभ्या राहिल्या. "पंकजाला काय बोलती? माप म्या सांगितलं. कागदबी म्याच जाळाया लावले. हात गेला, तसं डोस्कंबी गेलं माजं."

चाळीस वर्षांत त्यांचं माप चुकलं असं कुणी म्हटलं नव्हतं. आज त्यांनी स्वतःच म्हटलं.

नंतर विचारलं, तुम्हाला कधी कळलं?

"मंगळवारीच. परिंटवर डावी वीत ठिवून बघितली."

मग बोलला का नाहीत?

"तू जेवत न्हवतीस."