बिनमिठाचे बटाटे

ती. बाबा, नमस्कार, पण रागातच.

मी मजेत आहे. तुमचं काय चाललंय? आईनं कळवलं, पाय परत सुजलेत. गोळ्या तरी घेता ना?

डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलंय, आणि वर तुम्ही लिहिता, "बर्गर खाल्ला, पण सोबतचे तळलेले बटाटे बिनमिठाचे मागितले!" कुणाला बनवताय? मी बर्गरच्याच भटारखान्यात राबते. मीठ पावात असतं, चीजमध्ये, सॉसमध्ये, खारवलेल्या काकडीत असतं. खायचाच झाला तर हे सगळं काढायला सांगा, टिक्कीवर मीठ भुरभुरू नका म्हणा.

काल तुमच्याच वयाचे एक काका आले, सुजलेल्या पायांत सपाता घालून. त्यांनीही बटाटे बिनमिठाचेच मागितले. मी त्यांचा डबल चीजबर्गर बांधून दिला. त्यांना ओरडणारी मी कोण? त्यांची मुलगीही कुठंतरी लांबच राबत असेल.

तुमची, अजून रागावलेली,
धाकटी